बिजागरीतील बुश : नवा भाग का बसत नाही आणि तो कसा बसवावा

पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यात मानेभंज्यांग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून निघणारा खडकाळ रस्ता सिंगालीला डोंगररांगेवरून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफू शिखराकडे चढत जातो. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या लँड रोव्हर गाड्या या रस्त्यावर अनेक दशके माणसे आणि सामान वाहत आल्या. ही गाडी १९४८ साली ॲम्स्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि तिच्या पहिल्या श्रेणीचे उत्पादन १९५८ साली थांबले. उत्पादन थांबून इतकी वर्षे लोटलेली गाडी चालू राहते ती मिस्त्रीच्या हातामुळे. जुना भाग झिजला की त्याच्या जागी नव्याने घडवलेला भाग बसवावा लागतो, आणि असा भाग पहिल्याच प्रयत्नात नेमका बसला असे क्वचित घडते.

इंजिन किंवा गिअरपेटीसारख्या मोठ्या भागांकडे सर्वांचे लक्ष असते. परंतु भाग न बसण्याची कारणे समजून घ्यावयाची असतील तर एखादा अगदी लहान भाग पाहणे अधिक सोयीचे. बॉनेटच्या बिजागरीतील बुश हा असा एक भाग होय.

बुशचे काम

लँड रोव्हरच्याच वंशातील डिफेंडर या गाडीचे बॉनेट मागील बाजूस, म्हणजे काचेखालच्या पत्र्यापाशी, दोन बिजागऱ्यांवर उघडते. बिजागरीची पिन धातूच्या भोकात सरळ फिरत नाही. मध्ये प्लॅस्टिकची एक छोटी नळी असते. हीच नळी म्हणजे बुश. इतरही अनेक जुन्या गाड्यांत हे काम रबराच्या, नायलॉनच्या अथवा पितळेच्या बुशकडून करून घेतात.

बुशची कामे तीन. पिन आणि भोक यांचे घर्षण तो स्वतःवर घेतो. गाडीची थरथर शोषून घेतो. आणि दोन धातूंना परस्परांपासून अलग ठेवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून या गाडीचे बाहेरील पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे करण्यात आले. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओल्या हवेत एकमेकांना चिकटून राहिले तर ॲल्युमिनियम लवकर खराब होते.

मुख्य म्हणजे बुश स्वस्त असतो. झिजावे कोणी हे आधीच ठरवून ठेवण्याची ही युक्ती आहे. बुश झिजला की बदलता येतो. बिजागरी किंवा पत्रा झिजला की ते काम सोपे राहत नाही.

झिजलेला बुश तसाच राहू दिला तर बॉनेट खडखडू लागते. पिन भोकाच्या कडांवर आपटते, भोक लांबट होते आणि कालांतराने पत्र्याला बिजागरीपाशी चीर पडते. पुढील कडी चालत्या गाडीत निसटली तर वाऱ्याने उचललेले बॉनेट धरून ठेवण्यास केवळ या दोन बिजागऱ्याच उरतात. चालकापुढील काच झाकली गेल्यास डोंगरी वळणावर काय होऊ शकेल हे वेगळे सांगावयास नको.

नवा भाग का बसत नाही

नवा बुश बसला नाही की तो चुकीचा आहे, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. तो नेहमी बरोबर असतो असे नाही. कारणे अनेक संभवतात.

पहिले कारण मोजमापाच्या पद्धतीचे. जुन्या ब्रिटिश गाड्या इंचांत आखलेल्या होत्या. तीन-अष्टमांश इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. हीच वस्तू कोणी सोयीसाठी १० मिलिमीटरची केली तर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पिनला तो लगेच जाणवतो.

दुसरे कारण रंगाचे. हल्ली जुन्या बिजागऱ्या स्वच्छ करून त्यांना भट्टीत भाजलेल्या भुकटीच्या रंगाचा लेप देतात. हा लेप साधारणतः ६० ते १०० मायक्रॉन जाड असतो. पिनच्या दोन्ही बाजूंना तो बसतो, म्हणून पिनचा व्यास ०.१२ ते ०.२ मिलिमीटरने वाढतो. भोकाच्या आतही रंग गेला असेल तर भोक तेवढेच लहान होते. अशा वेळी दोष बुशचा नसून लेपाचा असतो.

तिसरे कारण साच्याचे. वितळलेले प्लॅस्टिक थंड होताना आकसते. हे आकसणे हिशेबात घेऊन साचा थोडा मोठा करावा लागतो आणि त्यात चूक झाली तर प्रत्येक बुश सारखाच चुकीचा निघतो. शिवाय साच्याचे दोन अर्ध जेथे मिळतात तेथे बुशवर बारीक शिवण उमटते. पुष्कळदा अडचण एवढ्या शिवणीचीच असते आणि धारदार पात्याने ती तासून टाकली की बुश सहज बसतो.

चौथे कारण हवेचे. नायलॉन हवेतील ओलावा शोषून फुगतो. कोरड्या हवेत नेमका बसलेला बुश पावसाळ्यात घट्ट होऊ शकतो.

पाचवे कारण सर्वांत फसवे आहे. हातात धरलेल्या बुशमधून पिन मोकळेपणी फिरते, म्हणून बुश भोकात दाबून बसवला जातो आणि मग पिन आत जात नाही. याचे कारण असे की, बुश भोकापेक्षा किंचित मोठा असतो म्हणूनच तो तेथे घट्ट राहतो. पण दाबला गेल्याने त्याचे आतील भोकही आकसते. पातळ बुशमध्ये बाहेरचा दाब जवळजवळ तेवढाच आत उतरतो. यास्तव आतील माप बुश बसवल्यानंतरच खरे मानावे.

आधी माप, मग कानस

कानस हातात घेण्यापूर्वी भोक, पिन आणि बुश हे तिन्ही भाग स्वच्छ करावेत व व्हर्निअर कॅलिपरने मोजावेत. प्रत्येक माप एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी घ्यावे. दोन्ही मापे सारखी नसतील तर तो भाग झिजून लांबट झाला आहे असे समजावे.

अभियांत्रिकीत भोक आणि दांडा यांच्या जोडणीला बैठक म्हणतात. बैठक सैल असू शकते किंवा दाबाची असू शकते. बिजागरीत दोन्ही प्रकार एकत्र येतात: बुश बाहेरून दाबाने बसलेला हवा आणि आतून पिनला थोडा सैल हवा. बॉनेटसाठी पिनभोवती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी मोकळीक पुरेशी होते. बैठकींचे नियम आंतरराष्ट्रीय मानकांत आणि आयएस ९१९ या भारतीय मानकात दिलेले आहेत. त्यांत भोकाचे माप स्थिर धरून दांड्याचे माप बदलण्याची रीत अधिक प्रचलित आहे, कारण ठरावीक मापाच्या हत्याराने पाडलेले भोक बदलण्यापेक्षा दांडा बदलणे सोपे असते.

जुन्या गाडीच्या दुरुस्तीतही हेच तत्त्व लागू पडते. जे पुन्हा मिळणार नाही त्याला हात लावू नये; जे पुन्हा मिळेल ते घासावे. पन्नास वर्षांपूर्वीची बिजागरी दुर्मिळ असते आणि बुश दुसरा आणता येतो. तरीही घाईत नेमके उलटे घडते. बुश आत जात नाही म्हणून बिजागरीचे भोक मोठे केले जाते, आणि पुढे नेमक्या मापाचा बुश मिळाला तरी तो तेथे कायम सैल राहतो.

लेप अडथळा करत असेल तर भोकातील आणि पिनवरील तेवढाच रंग घासकागदाने काढावा व उघड्या पोलादाला ग्रीस लावावे. बुश बाहेरून मोठा असेल तर तो एका बोल्टवर नटने आवळून ड्रिल यंत्रात धरावा आणि फिरता ठेवून त्यावर घासकागद टेकवावा. हाताने घासल्यास गोलाई बिघडते. आतील भोक लहान असेल तर रीमर वापरावा. साधे ड्रिल मऊ प्लॅस्टिकमध्ये अडकते आणि भोक वाकडे करते. प्रत्येक वेळी थोडेच घासावे व पुन्हा मोजावे. नायलॉनचा बुश बसवण्यापूर्वी काही मिनिटे गरम पाण्यात ठेवला तर तो मऊ होऊन न चिरता आत जातो. रबराच्या बुशला मात्र खनिज तेल किंवा साधे ग्रीस लावू नये, कारण त्याने नैसर्गिक रबर फुगते.

भोक झिजले असेल तर

बिजागरीचे भोकच लांबट झाले असेल तर जाड बुश ठोकून उपयोग होत नाही. लांबट भोकात गोल बुश एकाच दिशेने दाबला जातो. अशा वेळी भोक गोल करून घ्यावे व त्यात पोलादी नळी बसवून मूळ माप परत आणावे, किंवा वेल्डिंगने भोक भरून ते नव्याने पाडावे. भोक मोठे करण्याची मुभा फक्त येथे आहे, कारण शेवटी मूळ माप परत आणले जाते.

दोन बिजागऱ्या, एक रेषा

चारही बुश नेमके बसले तरी बॉनेट जड फिरते असा अनुभव पुष्कळांना येतो. दोन्ही पिना एका सरळ रेषेत नसल्या की असे होते. दोष पुन्हा बुशवर ढकलला जातो आणि चांगला बुश विनाकारण घासला जातो. म्हणून बिजागऱ्यांचे बोल्ट प्रथम हातानेच लावावेत, बॉनेट बंद करून त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या कराव्यात आणि मगच बोल्ट आवळावेत. त्यानंतर बॉनेट काही वेळा उघडून व मिटून पाहावे. ते अडखळता कामा नये, आणि मागील कड हाताने हलवली असता खडखडताही कामा नये.

हे सारे काम एका दुपारचे आहे आणि त्यातील बराच वेळ मोजण्यात जातो. तो वेळ वाया गेलेला नसतो. चुकीचा घासलेला बुश फेकून देता येतो. परंतु चुकीचे घासलेले भोक गाडीबरोबर तिच्या अखेरपर्यंत राहते.