पहिल्या सत्रातच निसटणारे वर्ष

बारावीला ब्याऐंशी टक्के मिळवलेला एक विद्यार्थी प्रथम वर्षाच्या पहिल्याच सत्राच्या निकालानंतर आमच्या स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. तीन विषयांत एटीकेटी लागली होती. ‘‘सर, मी रोज वाचत होतो,’’ एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तो खोटे बोलत नव्हता. वसतिगृहातील त्याचे सोबतीही तेच सांगत होते. दरवर्षी दिवाळीनंतर असे पाच-सात विद्यार्थी तरी भेटतात. ते आळशी नसतात, उनाडही नसतात. बारावीपर्यंत उपयोगी पडलेली अभ्यासाची रीत महाविद्यालयात अचानक निरुपयोगी ठरते आणि हे त्यांना कोणीही वेळेवर सांगितलेले नसते.

बारावीपर्यंतचा अभ्यास आखून दिलेला असतो. एक मंडळ, एक पाठ्यपुस्तक, क्लासच्या छापील नोट्स, अपेक्षित प्रश्नसंच आणि वर्षाअखेरीस एक मोठी परीक्षा. घरात आई-वडिलांचे लक्ष असते ते वेगळेच. महाविद्यालयात यातले जवळजवळ काहीच उरत नाही. प्राध्यापक लिहून देत नाहीत, चार संदर्भग्रंथांची नावे सांगतात. हजेरी लागते, परंतु वही कोणी तपासत नाही. शिवाय परीक्षा वर्षाअखेरीस नसते. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे, म्हणजे नव्वद अध्यापन दिवसांचे धरलेले असले तरी प्रवेशाच्या फेऱ्या, गणेशोत्सव आणि महोत्सवांच्या तयारीत त्यातले कितीतरी दिवस जातात. विद्यार्थी जरा स्थिरस्थावर होतो न होतो तोच अंतर्गत मूल्यमापन येऊन ठेपते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. तेव्हापासून श्रेयांक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत क्रेडिट, हा शब्द घरोघरी पोहोचला, पण त्याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. तासिकांचा विषय असेल तर एका श्रेयांकामागे सत्रात पंधरा तास धरले जातात, प्रात्यक्षिकांसाठी तीस. एका सत्राचे श्रेयांक असतात वीस ते बावीस. म्हणजे आठवड्याला किमान वीस तास वर्गात आणि विज्ञान शाखेत त्याहून बरेच अधिक. त्यात डोंबिवली किंवा विरारहून लोकलने येणाऱ्या मुलाच्या जाण्यायेण्याचे तास मिळवले, की स्वतःच्या अभ्यासाला दिवसाकाठी दोन-अडीच तास मिळाले तरी खूप झाले. म्हणूनच त्या दोन-अडीच तासांत नेमके काय करायचे, या प्रश्नाला महत्त्व येते.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे उत्तर होते, वाचायचे. धडा तीन-चारदा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींखाली रंगीत रेघा ओढायच्या. बहुसंख्य मुले हेच करतात आणि इथेच फसतात. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र त्यांच्या लक्षात सुमारे ४० टक्के मजकूर राहिला होता आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ६१ टक्के. गंमत अशी की, आपल्याला किती लक्षात राहील याबद्दल अधिक विश्वास होता तो वाचणाऱ्यांनाच! पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळख म्हणजेच ज्ञान, असा भास निर्माण होतो. परीक्षेच्या दालनात पुस्तक समोर नसते, तेव्हा तो भास उतरतो.

याच दिशेचा दुसरा पुरावा त्याहूनही जुना आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की शिकलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि अंतराअंतराने उजळणी केल्यास कमी श्रमात अधिक टिकतो. अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा साकल्याने आढावा घेणारा जॉन डनलॉस्की व सहकाऱ्यांचा लेख २०१३ मध्ये आला. रेघा ओढणे आणि पुनर्वाचन या दोन्ही पद्धती त्यात तळाला गेल्या. स्वतःची चाचणी आणि अंतराने केलेली उजळणी या दोन वर राहिल्या.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. आज झालेल्या तासिकेतले चार मुद्दे त्याच रात्री, वही मिटून, कोऱ्या कागदावर लिहावेत. मग वही उघडून काय राहिले ते पाहावे. तीन दिवसांनी पुन्हा आणि पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी वहीच्या पानाला डावीकडे रुंद समास सोडून त्यात फक्त प्रश्न लिहिण्याची पद्धत रूढ केली, ती याच कामाची. उजवी बाजू झाकायची आणि समासातल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. यासाठी कोणतेही अ‍ॅप लागत नाही, दोनशे पानी वही पुरते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न आणखी एका पायरीने अवघड असतो. त्याविषयी आपण उगाचच संकोचाने बोलतो. या मुलांना विषय कळत नाही असे नसते, इंग्रजी पारिभाषिक शब्दांच्या भिंतीवर ती आपटतात. त्यांनी पहिल्या महिन्यातच प्रत्येक विषयाची शब्दांची स्वतंत्र वही करावी. राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात. आपल्याच महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत मात्र त्यांचा उल्लेखही कोणी करत नाही, ही खंत आहे. संकल्पना मराठीत समजून घेऊन उत्तर इंग्रजीत लिहिण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न समजलेले इंग्रजी वाक्य घोकण्यात.

आता करिअरचा प्रश्न. प्रथम वर्षाच्या मुलाला नातेवाईक भेटले, की ‘पुढे काय?’ असे विचारतात आणि मुलगा गोंधळतो. माझ्या मते सगळे आत्ताच ठरवण्याची गरज नाही. कोणती दारे पहिल्या वर्षातच बंद होतात, एवढे मात्र माहीत हवे. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळण्यास तीन वर्षे लागतात. सैन्यात अधिकारी होण्यासाठी असलेल्या एनसीसी विशेष प्रवेशाला तेच आधारभूत असते आणि त्या मार्गाने लेखी परीक्षा टळते. दुसऱ्या वर्षी ही इच्छा झाली तर तीन वर्षांच्या पदवीत हिशेब जुळत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतही दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात. सनदी लेखापाल होऊ इच्छिणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बारावीनंतरच फाउंडेशन परीक्षा देऊ शकतो. पदवीनंतर ठरावीक गुणांवर थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो हे खरे, पण मधली वर्षे गेलेली असतात.

नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. त्याबद्दल पालकांत बराच गैरसमज दिसतो. नुसते वर्ष पूर्ण करून ते मिळत नाही, व्यवसायकौशल्याचे किंवा इंटर्नशिपचे चार श्रेयांक अधिक मिळवावे लागतात. घरची अडचण असेल तर ही सोय जरूर वापरावी. कंटाळा आला म्हणून वापरू नये.

स्पर्धा परीक्षांचे काय? प्रथम वर्षातच पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेऊन क्लास लावण्याची जी लाट आहे, ती मला मान्य नाही. पदवी होईपर्यंत राज्यसेवेच्या आणि केंद्रीय परीक्षेच्या दारात उभेच राहता येत नाही, फार तर शेवटच्या वर्षाला असताना पूर्वपरीक्षा देता येते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे मुद्देसूद लिहिण्याचा सराव आता त्या परीक्षेचाही पाया आहे आणि तो पदवीच्या उत्तरपत्रिकांत विनाशुल्क होतो. क्लासची फी भरून पदवीच्या विषयांत एटीकेटी घेणारी मुले पाहिली, की हळहळ वाटते.

पैशांची ओढाताण हे गळतीचे खरे कारण अनेकदा अभ्यासाच्या आडून येते. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज कागदपत्रांअभावी अडतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला प्रवेशाच्या वेळीच काढून ठेवलेला बरा. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून आलेली ‘कमवा आणि शिका’ योजना आजही अनेक महाविद्यालयांत चालते. तिची माहिती कार्यालयाच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचारावी लागते.

लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष तालमीत घालवले, ही चरित्रांतली गोष्ट अनेक विद्यार्थी बचावासाठी ऐकवतात. त्यांना मी एवढेच सांगतो, की त्यांनी १८७७ साली पदवी घेतली ती गणितात प्रथम वर्गात.

आणि तो बारावीला ब्याऐंशी टक्के मिळवलेला विद्यार्थी? दुसऱ्या सत्रात त्याने रंगीत पेन बाजूला ठेवले. दर शनिवारी दुपारी ग्रंथालयात बसून तो आठवड्याच्या तासिका कोऱ्या कागदावर उतरवू लागला. पहिले चार शनिवार कागद जवळजवळ कोराच राहायचा आणि तो वैतागून माझ्याकडे यायचा. वर्षाअखेरीस दोन विषय सुटले. संख्याशास्त्र अजून बाकी आहे.