गिटारचं लाकूड: पैसे कुठे घालावेत?

गिटार निवडताना नजर आधी जाते ती पाठीच्या गडद, देखण्या लाकडावर. आवाज मात्र मुख्यतः पुढची पातळ फळी ठरवते. तारांची कंपनं घोडीवाटे या फळीत उतरतात आणि फळी हवा हलवते. म्हणून ती हलकी हवी, शिवाय पोलादी तारांचा सुमारे 70 किलोंचा ताण सोसण्याइतकी ताठही. स्प्रूस झाडाच्या लाकडात हा मेळ छान जमतो. फळी जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची, तिच्या रेषा सरळ आणि दाट. पण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या वाजत नाहीत, म्हणून कारागीर टिचकी मारून ऐकतो.

स्पेनचे गिटार-कारागीर आंतोनियो दे तोर्रेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली. फळी मात्र स्प्रूसचीच! 2018 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी फक्त पाठ-बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी 52 वादकांना जवळजवळ अंधारात वाजवायला दिल्या. महाग-स्वस्त लाकडांतला फरक त्यांना फारसा जाणवला नाही.

तरीही पाठ-बाजूंसाठी ब्राझिलियन रोझवुड या लाकडाचा दबदबा कायम आहे. 1992 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत. त्याची जागा बरीचशी घेतली ती आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवीनं. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं 1969 मध्येच तिच्याकडे मोर्चा वळवला होता.

तेव्हा बजेट मर्यादित असेल, तर पुढची फळी अस्सल, एकसंध लाकडाची घ्या. पाठ प्लायची चालेल.