घसरत्या चाकाला आवर

काशीयात्रेला गेलेला मराठी यात्रेकरू स्थानकाबाहेर येतो आणि गोदौलियाकडे जाण्यासाठी सायकलरिक्षात बसतो. आपल्या बैठकीखालच्या दोन चाकांपैकी एकच चाक आपल्याला ओढून नेत आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नसते. साखळीने फिरणारा मागचा आस एका चाकाला पक्का जखडलेला असतो; दुसरे चाक त्याच आसावर मोकळे फिरते. ही कारागिराची चूक नव्हे. यंत्रशास्त्रातील एका जुन्या अडचणीवर त्याने शोधलेला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ती अडचण वळणावर उभी राहते. रिक्षा काटकोनात वळली की बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. हे जादा अंतर किती, हे वळण मोठे की लहान यावर मुळीच अवलंबून नसते. ते फक्त दोन चाकांमधील अंतरावर ठरते. हे अंतर एक मीटर धरले, तर प्रत्येक काटकोनी वळणात बाहेरचे चाक सुमारे १५७ सेंटीमीटर अधिक धावते. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे २२३ सेंटीमीटर असतो. म्हणजे एकाच वळणात दोन चाकांच्या फिरण्यात जवळजवळ पाऊण फेऱ्याचा फरक पडतो. दोन्ही चाके आसाला जखडली असती, तर वाराणसीच्या प्रत्येक नाक्यावर एक टायर रस्त्यावर खरडत गेला असता आणि चालकाच्या पायांवर तेवढा भार वाढला असता.

दोन्ही चाकांना जोर मिळावा, तरीही त्यांना निरनिराळ्या गतीने फिरता यावे, अशी युक्ती मात्र सायकलरिक्षाहून जुनी आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने ती १८२० नंतरच्या दशकात वाफेच्या गाडीसाठी योजली. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये ती पायांनी चालवायच्या बहुचाकी सायकलीला बसवली. बाप व मुलगा शेजारी बसून एकेक चाक चालवीत असता मुलाचा जोर अधिक पडला, गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. तिची सत्यता कशीही असो, प्रश्नाचे मर्म तिच्यात अचूक आले आहे. ह्या दंतचक्रांच्या पेटीला आपले कारागीर डिफरन्शियल म्हणतात.

वाराणसीच्या रस्त्यांवर आता विजेच्या रिक्षांची दाटी आहे. २०१५ च्या दुरुस्ती कायद्याने त्यांना ४,००० वॉटपर्यंतच्या शक्तीची मर्यादा घालून मोटार वाहन कायद्यात स्थान दिले. त्यांच्या मागच्या आसावर डिफरन्शियल असते आणि मोटार त्यालाच जोडलेली असते. वळणाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु नवा प्रश्न उभा राहिला. गंगेचा पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळात एक चाक गेले की तेच गरगरा फिरते आणि कोरड्या फरशीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते.

असे का व्हावे? साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना समान पीळ देते. अधिक पकड असलेल्या चाकाला अधिक पीळ देणे त्याला ठाऊक नाही. गाळातील चाक जमिनीवर २० किलोग्रॅम भाराइतकाच रेटा देऊ शकते आणि कोरड्यावरचे १२० देऊ शकते, असे समजा. मग गाडीला मिळतात वीस आणि वीस, म्हणजे अवघे चाळीस. दुर्बळ चाक सबळ चाकाला आपल्या पातळीवर ओढते. ताशी २५ किलोमीटरांहून वेगाने धावू नये असा नियम असलेल्या रिक्षात याची फारशी काळजी नको. उतारूंनी उतरून हात लावला की काम भागते.

हलक्या वेगवान मोटारीत मात्र हीच गोष्ट गंभीर होते. अशा मोटारी सुट्या भागांतून घरी जुळवण्याची चाल विशेषतः ब्रिटनमध्ये रुजली. लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही गाडी १९५७ पासून सुट्या भागांत मिळू लागली. सुटे भाग घेतले की खरेदीकर वाचत असे, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण. भारतात नोंदलेल्या वाहनाच्या रचनेत फेरफार करण्यावर १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम बंधन घालते, त्यामुळे हा छंद आपल्याकडे वाढला नाही. त्याच्या सर्वांत जवळचे काम अभियांत्रिकीचे विद्यार्थी करतात. वाराणसीत लंका भागापलीकडे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात १९१९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. २०१२ पासून ती भारतीय प्रौद्योगिकी संस्था आहे. देशभरच्या अशा संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे २००७ मध्ये ‘बाहा’ ही स्पर्धा सुरू झाली. स्वतः बांधलेली मोटार तेथे चिखलातून आणि उंचवट्यांवरून न्यावी लागते. गाडी बांधणाऱ्याला पुढील निवड टळत नाही.

चाकांच्या गतीतील फरकाला थोडी मोकळीक द्यायची, पण मर्यादेपलीकडे तो वाढू द्यायचा नाही, हे मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलचे तत्त्व. ते साधण्याच्या रीती तीन. पहिलीत क्लचसारख्या चकत्या असतात. इंजिनाचा जोर वाढेल तशा त्या अधिक दाबल्या जाऊन दोन्ही चाके एकमेकांना जखडली जातात. स्प्रिंगमुळे थोडा दाब आरंभापासूनच असतो. दुसरीत सच्छिद्र चकत्या दाट सिलिकोन तेलात फिरतात. ही सौम्य व निसरड्या रस्त्याला बरी. पण चाक प्रथम घसरल्याशिवाय ती जागी होत नाही आणि तेल जुने झाले की सबंध पेटीच बदलावी लागते. तिसरी मळसूत्री दंतचक्रांची. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकी संशोधकाने १९५८ मध्ये तिचे पेटंट घेतले. झिजणाऱ्या क्लचच्या चकत्यांवर ती विसंबत नाही आणि तिचे काम निःशब्द चालते.

येथे पुष्कळांची फसगत होते. मळसूत्री प्रकार दुर्बळ चाकाच्या पिळाला एका ठरावीक पटीने गुणतो. पट तीन असेल, तर वरच्या उदाहरणात वीस आणि साठ मिळून ऐंशी मिळतात. ओढ दुप्पट झाली. परंतु तेच चाक उंचवट्यावर हवेत उचलले गेले तर? शून्याची तिप्पट शून्यच. म्हणून डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या, चारही चाके जमिनीवर राखणाऱ्या हलक्या मोटारीला मळसूत्री प्रकार उत्तम. जिचे आतले चाक वारंवार उचलले जाते, तिला चकत्यांचाच प्रकार हवा. त्यातही दाब फार ठेवला, तर वळणावर दोन्ही चाके गाडीला सरळच रेटतात आणि सुकाणू फिरवूनही ती वळायला कुरकुरते. पावसाळी रस्त्यावर हा दोष जिवावर बेतू शकतो. शर्यतीच्या गाडीत शोभते ते घरच्या गाडीत बसवण्याचा हव्यास धरू नये.

बसवण्याचे काम सावकाशीचे आहे. मोठे दंतचक्र जुन्या पेटीवरून काढून नव्या पेटीवर चढवताना बोल्ट नवेच वापरावेत आणि आमनेसामने क्रमाने आवळावेत. क्राऊन आणि पिनियन या जोडीच्या दातांत किंचित मोकळीक लागते. ती बहुधा मिलिमीटरच्या एक ते दोन दशांशांइतकी असते. नेमका आकडा निर्मात्याच्या पत्रकातून घ्यावा, डायल गेजने मोजावा आणि बेअरिंगजवळ शिम कमीअधिक करून साधावा. मग दातांना रंग लावून चक्र फिरवावे. रंग दाताच्या मध्यभागी पुसला गेला, तर बसणी बरोबर. तो टोकाला किंवा कडेला सरकला, तर सर्व उलगडून पुन्हा आरंभ करावा. या टप्प्यावर घाई केली, तर जोडी रडका आवाज करू लागते आणि लवकरच दात गमावते. चकत्यांच्या प्रकाराला त्याच्यासाठी नेमलेलेच तेल घालावे. दुसरे घातल्यास वळताना चकत्या अडखळतात आणि गाडी थरथरते.

एक गोष्ट कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी. साध्या डिफरन्शियलच्या गाडीचे एक मागचे चाक जॅकवर उचलून इंजिन चालवले, तर बहुधा तेच चाक नुसते फिरते. येथे मात्र जमिनीवरचे दुसरे चाक जोर घेते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. तपासणी करायची ती इंजिन बंद ठेवून, गियर मोकळा करून आणि जमिनीवरच्या चाकांना पुढेमागे ठोकळे लावून. उचललेल्या चाकाला पीळमापक पाना लावून ते कितीला हलते ते पाहावे. चकत्यांच्या पेटीत हा आकडा पत्रकाशी जुळला पाहिजे. काही शे किलोमीटर चालल्यावर पहिले तेल काढून पांढऱ्या फडक्यावर ओतावे. राखाडी पूड दिसली, तर ती नव्या चकत्यांची सुरुवातीची झीज. बोटाला टोचणारा धातूचा कण सापडला, तर पेटी पुन्हा उघडायची.