गोधडीखाली शेर खान

रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईत झाला, ३० डिसेंबर १८६५ रोजी, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. वडील लॉकवुड तिथे शिकवायचे. पुढे त्याने मोगलीच्या गोष्टी लिहिल्या त्या अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या थंडीत बसून, आणि त्यांचं जंगल ठेवलं आपल्या मध्य प्रदेशातल्या सिवनीत. सिवनीला तो कधी गेला नव्हता, असं त्याचे अभ्यासक सांगतात. तिथले डोंगर, नाले, प्राणी त्याने स्टर्नडेल नावाच्या साहेबाच्या १८७७ सालच्या पुस्तकातून उचलले. ‘द जंगल बुक’ १८९४ साली छापून आलं. १८९४ पासून ९५ वर्षं पुढे या. जपानमधल्या निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने, फुमिओ कुरोकावा यांच्या दिग्दर्शनाखाली, त्याची ५२ भागांची ॲनिमे मालिका केली. ती हिंदीत आली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायला लागली, आणि शेर खानला आवाज मिळाला नाना पाटेकरांचा. नाना मुरुड-जंजिऱ्याचे आणि जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेत शिकलेले. म्हणजे ज्या आवारात वाघाचा लेखक जन्मला, त्याच परिसरातून सव्वाशेक वर्षांनी वाघाचा आवाज निघाला. व्हर्माँट, टोकियो असा फेरा मारून!

हे सगळं मला आठवलं ते धामनोदच्या संदर्भात. धार जिल्ह्यातलं हे गाव आग्रा-मुंबई रस्त्यावर आहे. मानपूरचा घाट उतरून निमाडात आलात की धामनोद, पुढे खलघाटला नर्मदा, आणि नदीपलीकडे दक्षिणेला सातपुडा. हाच सातपुडा पूर्वेकडे जात जात सिवनीपर्यंत पोचतो. जवळच अहिल्याबाईंचं महेश्वर. या भागातली मराठी घरं होळकर-पवारांच्या काळापासूनची. मुलं घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात निमाडी बोलतात. समजा, इथल्या नववीतल्या तीन मुलांनी ठरवलं की या मोगलीच्या मालिकेवर पॉडकास्ट करायचा. हातात एक मोबाइल, राहायला मोठ्या रस्त्याला लागून घर. त्यांना काय काय सापडेल?

पहिली अडचणच भन्नाट आहे. मालिका चित्रांची, आणि पॉडकास्टमध्ये चित्र नाही. ‘किती भारी काढलंय ना’ म्हणून भागत नाही, कारण ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसतं. आधी दिसलेलं सांगावं लागतं, मत नंतर. आणि दिसलेलं सांगायचं तर नीट बघावं लागतं, जे आपण एरवी करत नाही. म्हणून तयारीचा सर्वांत चांगला उपाय मला हा वाटतो: एकच भाग दोनदा घ्यायचा. एकदा आवाज पूर्ण बंद करून बघायचा, एकदा मोबाइल पालथा ठेवून नुसता ऐकायचा.

आवाज बंद केला की ॲनिमेची चलाखी उघडी पडते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, पण चित्रं तेवढी नसतात. एकच चित्र सलग तीन चौकटींसाठी धरून ठेवलं तर सेकंदाला ८ चित्रांत काम भागतं. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा आणि पैसे तुटपुंजे, या कात्रीतून ही पद्धत रुजली. शरीर स्थिर, फक्त डोळे हलतात. पात्र उभं, मागची झाडं सरकतात. धावण्याची चित्रं एकदा काढली की जपून ठेवायची आणि पुन्हा वापरायची. तेझुकांच्या स्टुडिओत अशा चित्रांची चक्क बँक होती. आणि बोलताना तोंडाचे आकार साधारण तीनच: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं.

या तीन आकारांपाशी थोडं थांबू या, कारण धामनोदच्या घरात शेर खान हिंदी बोलू शकला त्याचं एक कारण इथे आहे. डिस्नेच्या पद्धतीत आधी नट बोलतो, मग त्याच्या प्रत्येक स्वराप्रमाणे ओठ काढले जातात. जपानमध्ये बहुतेकदा उलट: चित्रं आधी, आवाज नंतर. ओठ कुठल्याच शब्दाला घट्ट बांधलेले नसतात, नुसती उघडझाप असते. मग त्या उघडझापेत जपानी वाक्य बसतं तसं हिंदीही बसतं. डबिंगच्या लेखकाला फक्त वेळ सांभाळायची असते. तोंड उघडल्यावर वाक्य सुरू आणि मिटताना संपलेलं. पैसे वाचवायला काढलेल्या युक्तीने या मालिकांना जगभर कुठलीही भाषा बोलायची मोकळीक दिली, हे मला कुठल्याही तंत्रज्ञानाच्या चमत्काराइतकंच थक्क करणारं वाटतं.

मोबाइल पालथा ठेवून ऐकलं की दुसरी बाजू कळते. पानांची सळसळ, पावलं, डरकाळी, यातलं काहीही चित्रातून आपोआप येत नाही. खऱ्या माणसांचं चित्रीकरण करताना थोडाफार आवाज मिळतोच. कागदावरचं जंगल मात्र मुकं असतं. प्रत्येक काटकीचा आवाज कुणीतरी ठरवून घातलेला असतो. शीर्षकगीतही हिंदी आवृत्तीसाठी वेगळं केलेलं, शब्द गुलजारांचे आणि संगीत तेव्हा फारसं नाव न झालेल्या विशाल भारद्वाज यांचं. आमच्या पिढीला ही मालिका आठवते ती निम्म्याहून अधिक या मुंबईत घातलेल्या आवाजांमुळे, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा मुलांनी ‘मालिका कशी आहे’ याऐवजी ‘यातलं जपानी काय आणि आपलं काय’ हा प्रश्न धरावा. त्याला धरून पुरावे गोळा करता येतात. मोगलीच्या हातात बूमरँग कुठून आलं? किपलिंगने ते दिलेलं नाही. आणि किची हा लाल पांडा! लाल पांडा हिमालयाच्या पूर्व भागातला, सिवनीच्या सागवानात त्याचं काय काम? नववीतला मुलगा भूगोलाच्या पुस्तकासह इथे जपानी स्टुडिओला कोंडीत पकडू शकतो.

तिघांची वाटणी सोपी आहे. एकाने मालिका नीट बघितलेली, एकाने अजिबात न बघितलेली, तिसरा मोबाइल आणि घड्याळ सांभाळणारा. न बघितलेला सर्वांत मोलाचा, कारण तो ऐकणाऱ्याच्या वतीने विचारतो, ‘थांब, अकेला म्हणजे कोण?’ दोघांच्या गप्पांतून माहिती द्यायची ही रीत माळव्याला नवी नाही. आकाशवाणी इंदूरच्या शेतीविषयक कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी ही जोडी माळवीत गप्पा मारायची, आणि त्या गप्पांतून खत-बियाण्यांच्या गोष्टी गावोगाव पोचायच्या. पूर्ण संहिता लिहून वाचू नये. वाचणारा आवाज लगेच ओळखू येतो. एका कागदावर पाच-सहा मुद्दे पुरेत. भाषा? घरात जी बोलतात ती, मराठीत अधूनमधून निमाडी शब्द आला तर येऊ द्यावा.

आता ध्वनिमुद्रण. इथे मला खरोखर हरखून जायला होतं.

मोबाइलचा मायक्रोफोन म्हणजे सिलिकॉनचा एक पडदा, रुंदी एक मिलिमीटरच्या आसपास. आवाजाने हवेचा दाब बदलतो, पडदा थरथरतो, त्याचं मागच्या पत्र्यापासूनचं अंतर कणभर बदलतं आणि त्यातून विजेचा संकेत तयार होतो. मोबाइल तो संकेत सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो. आकडा असा विचित्र का? माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येतं, आणि कुठलंही कंपन पुन्हा उभं करायचं तर त्याची निदान दुपटीने मोजमापं घ्यावी लागतात. म्हणजे ४०,००० आणि वर थोडी जागा. डोळ्याला ८ चित्रांत धावता मोगली दिसतो; कानाला त्याच सेकंदासाठी ४४,१०० आकडे लागतात. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण एका चित्रात खूप काही एकदम मावतं, तर ध्वनीचा प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणाचा हवेचा दाब, बस. तरीही मिनिटभराच्या गप्पांचे २६ लाख ४६ हजार आकडे होतात, हे मुलांनी एकदा गुणाकार करून बघावंच.

पहिलं मुद्रण ऐकलं की बहुतेकांचा चेहरा पडतो. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. दोष मोबाइलचा नाही, खोलीचा आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. भिंत तीन मीटरवर असेल तर तुमचा शब्द तिच्यावर आपटून सुमारे १७ मिलिसेकंदांत परत येतो. समोरासमोर बोलताना हे आपल्याला जाणवत नाही, कारण दोन कान आणि मेंदू मिळून मूळ आवाज निवडतात आणि पाठोपाठ आलेली त्याची नक्कल दाबून टाकतात. एका मायक्रोफोनला हे जमत नाही, तो दोन्ही मिसळून ठेवतो. फरशी, प्लास्टरच्या भिंती, सिमेंटचं छत. आपली घरं राहायला ठीक आणि ध्वनिमुद्रणासाठी वाईट.

यावर निमाडात औषध आहे. हा कापसाचा मुलूख. गाद्या-गोधड्यांतला कापूस ध्वनी खातो तो असा: ध्वनिलहर म्हणजे हवेच्या कणांची पुढे-मागे हालचाल, ते कण धाग्यांच्या जाळ्यात शिरले की घासले जातात आणि हालचालीची अगदी किंचित उष्णता होते. परत येणारा आवाज विरतो. दोन खाटा उभ्या करून त्यांवर गाद्या टाकल्या, वर गोधडी पसरली आणि तिघं आत बसली की स्टुडिओ झाला. मे महिन्यात पहाटे पाचला बसावं, नाहीतर तिघंही उकडून निघतील.

दुसरी गोष्ट अंतर. तोंड आणि मोबाइलमध्ये वीतभर जागा ठेवावी. अंतर दुप्पट केलं की पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. आणि मोबाइल नाकासमोर धरू नये, ओठांच्या कोपऱ्याशी तिरका ठेवावा. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा फुगारा सुटतो, तो थेट पडद्यावर बसला की ‘भप्’ असा दणका ऐकू येतो. ‘भेडिया’, ‘बघीरा’ आणि ‘भालू’ एका वाक्यात आले तर विचारूच नका.

राहिला रस्ता. रात्रंदिवस ट्रक चालू. त्यांची घरघर जड, खालच्या पट्टीतली, आणि अशा लांब लहरींना गोधडी अडवू शकत नाही. काही मीटर लांबीच्या लहरीपुढे दोन इंची गादी काय करणार? पण संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं तर त्यात ८० हर्ट्झखालचं सगळं कापता येतं. प्रौढ पुरुषाचा बोलण्याचा मूळ स्वर १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास, बाईचा दोनशेच्या, मुलांचा त्याहून वर. म्हणजे ट्रकचा बराच भाग जातो आणि मुलांच्या आवाजाला धक्काही लागत नाही. निसर्गाने दोघांना वेगळ्या पट्ट्या दिल्यात, हे आपलं नशीब. हॉर्नला मात्र इलाज नाही. तो मुलांच्याच पट्टीत ओरडतो. थांबायचं आणि वाक्य पुन्हा म्हणायचं.

सुरुवातीला तिघांनी अर्धा मिनिट गप्प बसून नुसती खोलीच मुद्रित करावी. संपादन करताना एखादं ‘अं… म्हणजे’ कापलं की तिथे ठार शांतता उरते, आणि कानाला ती लगेच खटकते. तिथे खोलीची ही रिकामी शांतता चिकटवायची. प्रत्येक श्वास मात्र कापत बसू नये. देवासला क्षयाने अंथरुणाला खिळलेले कुमार गंधर्व खिडकीबाहेरून येणारी माळवी लोकगीतं ऐकत पडून असत. बरे झाल्यावर ते गायला लागले तेव्हा त्यांच्या छोट्या, तुटक तानांत श्वासाची जागा ऐकू यायची, आणि ती गाण्याचाच भाग झाली होती. मुलांच्या गप्पांतही श्वास राहू द्यावा.

शेर खानची डरकाळी वापरायची का? भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराला जागा आहे. इतके सेकंद चालतील असा आकडा त्यात नाही. ज्या संवादावर बोलायचंय तेवढाच तुकडा लावून त्यावर बोलावं. पूर्ण शीर्षकगीत सुरुवातीला सजावट म्हणून लावणं ही समीक्षा नव्हे.

मग फाइल. न दाबलेला आवाज मिनिटाला पाच एमबीच्या वर जातो. तोच एमपी-३ मध्ये ६४ केबीपीएसने ठेवला तर अर्ध्या एमबीत बसतो, म्हणजे वीस मिनिटांचा भाग दहा एमबीत. हे होतं कसं? मोठ्या आवाजाच्या छायेत त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. एमपी-३ तो हेरून फेकून देतं. ॲनिमेवाल्यांनी डोळ्याची मर्यादा वापरली, जर्मन अभियंत्यांनी कानाची. पुढे ही फाइल इंटरनेटवर ठेवायची आणि आरएसएस नावाच्या साध्या मजकुराच्या यादीत तिचा पत्ता लिहायचा. जगभरची पॉडकास्ट ॲप ती यादी वाचतात आणि नवा भाग श्रोत्यापर्यंत नेतात. प्रकाशक नको, केंद्रसंचालक नको. हा भाग सगळ्यात सोपा, आणि मुलं त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात.

दुसऱ्या भागासाठी विषय शोधत बसायला नको. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी मिळून केलेला ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा ॲनिमे चित्रपट तयारच आहे. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत राम अरुण गोविल यांच्या आवाजात बोलतो, रावण अमरीश पुरींच्या. २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतभर चित्रपटगृहांत लागला तेव्हा डबिंग नव्याने केलेलं होतं. चित्रं तीच, ओठांची उघडझाप तीच, रावण मात्र दोन. दोघांतला कोणता खरा वाटतो यावर तिघांचं एकमत होणार नाही, आणि वीस मिनिटं पुरणार नाहीत.