‘नाही’ म्हणता न येणाऱ्या माणसाची धावपळ

भिडस्त माणसाला आपला समाज चांगला माणूस म्हणतो. कुणाचे मन दुखवत नाही, कुणाला परत पाठवत नाही, असे त्याचे कौतुक होते. पण हा चांगुलपणा किती जणांच्या आयुष्याची माती करतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही. १९७९ साली सोव्हिएत रशियात निघालेल्या ‘ऑटम मॅरेथॉन’ या चित्रपटाने तो हिशेब मांडला, तोही प्रेक्षकाला हसवत हसवत. दिग्दर्शक गिओर्गी दानेलिया यांनी त्याला ‘दुःखी विनोदिका’ असेच नाव दिले. त्याच वर्षी स्पेनमधील सान सेबास्तियन महोत्सवात ‘सुवर्ण शिंपला’ हा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला.

कथा लेनिनग्राद शहरातली. सेहेचाळीस वर्षांचा आंद्रेई बुझिकिन विद्यापीठात शिकवतो आणि अनुवाद करतो. घरी पत्नी नीना आहे, बाहेर टायपिस्ट आल्लाशी प्रेमसंबंध आहेत. नीनाला सोडवत नाही, आल्लाला तोडवत नाही. म्हणून खोट्या सबबी सांगत तो या दारातून त्या दारात धावतो. हातातले घड्याळ वाजले की दचकतो. सकाळी डॅनिश प्राध्यापक हान्सन दारात हजर, पळायला चला! इच्छा नसताना हा पळतो. शेजारी वासिली व्होडका घेऊन येतो. काम पडलेले असताना हा पितो. एका माणसाशी हात मिळवायचा नाही असे ठरवतो आणि समोर येताच हात पुढे करतो.

वाचकहो, इथवर हे सारे विनोदी आहे. पण वार्वाराचे प्रकरण पाहा. ही त्याची सहकारी अनुवादक. तिच्या कच्च्या अनुवादावर हा रात्री जागून हात फिरवतो. त्यात स्वतःचे काम मागे पडते आणि अखेर त्याच्या वाट्याचे काम प्रकाशनसंस्था वार्वारालाच देते! त्याच्याच घामावर ती त्याची जागा घेते. यात वार्वारा लबाड, हे उघड आहे. परंतु तिला लबाडीची सोय कुणी करून दिली? ज्याने एकदाही तोंड उघडले नाही, त्यानेच ना?

कोर्टात उलटतपासणी घेताना एक गोष्ट वारंवार दिसते. भीतीपोटी खोटे बोलणारा साक्षीदार दुष्ट असतोच असे नाही, पण त्याच्या खोट्याने निरपराधाचे नुकसान व्हायचे ते होतेच. बुझिकिन तसाच साक्षीदार आहे. त्याच्या पळापळीची कीव करणारे प्रेक्षक दोघी स्त्रियांना विसरतात. नीनाला सगळे कळलेले असते. खोटे पकडल्याच्या दुःखापेक्षा खोटे रोज ऐकण्याचा अपमान मोठा असतो. आल्लाच्या तरुण वयाची वर्षे वाट पाहण्यात जातात. स्पष्ट ‘होय’ किंवा स्पष्ट ‘नाही’ मिळाले असते, तर दोघींनाही आपापला निर्णय घेता आला असता. तो हक्कच याने हिरावून घेतला. यालाच दया म्हणायचे काय?

पटकथाकार अलेक्सांद्र व्होलोदिन यांच्या मूळ नाटकाचे नाव ‘लबाडाचे दुःखी आयुष्य’ अशा अर्थाचे होते, हे ध्यानात घ्यावे. लेखकाने नायकाला निर्दोष सोडले नाही आणि सुळावरही चढवले नाही. ओलेग बासिलाश्विली यांनी बुझिकिन असा उभा केला आहे, की त्याचा राग येतो आणि मायाही वाटते. नीनाच्या भूमिकेतील नताल्या गुंदारेवा मात्र विनोदाच्या मधोमध काळजाला हात घालतात.

शेवटी एक सकाळ अशी उगवते, की दोघीही त्याच्यापासून दूर झालेल्या असतात. बुझिकिन मोकळा होतो, ताठ चालतो, वार्वारालाही सुनावतो. सुटला असे वाटते. तेवढ्यात नीना घरी परतते, आल्लाचा फोन वाजतो आणि नीनासमोर तो फोनवर पुन्हा खोटे बोलू लागतो. हान्सन येतो. संधिप्रकाशात दोघे पुन्हा पळू लागतात. एका सकाळीच्या धाडसाने माणूस बदलत नाही, हे चित्रपटाचे निर्घृण सत्य आहे.

ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’लाही किंमत उरत नाही. नकाराने एकाचे मन एकदा दुखते. भिडेने अनेकांची मने रोज दुखतात. बुझिकिनवर जरूर हसावे, पण आपल्या घड्याळाच्या गजराकडेही कान द्यावा!