ध्वनिमुद्रित बोलणे संथ करण्याची विद्या

विरार, नालासोपारा, वसई या पट्ट्यात गेल्या चार दशकांत जी वस्ती वाढली, तिच्यात गिरणगावातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि परळ-लालबागची माणसे लोकलच्या या टोकाला येऊन राहिली. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे फार आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी अशा कामगारांच्या मुलाखती घेऊन २००४ साली त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आमच्यासारख्या युनियनच्या कार्यकर्त्यांनीही आपापल्या परीने जुन्या सभासदांचे बोलणे आधी कॅसेटवर आणि नंतर मोबाइलवर भरून ठेवले आहे. हे बोलणे कागदावर उतरवावयाचे काम आता चालू आहे, आणि आजचा विषय त्या कामातूनच निघालेला आहे.

साचाखात्यात ज्याचे आयुष्य गेले तो मनुष्य मोठ्याने आणि भरभर बोलतो. शेकडो साचे एकदम चालू असताना दुसऱ्या तऱ्हेने बोलताच येत नसे. त्यात दात पडलेले, घरात पंखा फिरत असलेला, आणि बोली कुणाची मालवणी, कुणाची घाटावरची. इकडच्या जुन्या रहिवाशांपैकी सामवेदी बोली बोलणारी, म्हणजे कादोडी बोलणारी वृद्ध माणसे असली, तर बाहेरच्या लिहिणाराला एकेक वाक्य पाच-पाच वेळा ऐकावे लागते. साहजिकच तो म्हणतो, हे जरा सावकाश लावता आले तर बरे.

सावकाश लावणे सोपे आहे. पण नुसते सावकाश लावले की आवाज बिघडतो. टेप अर्ध्या गतीने चालवली तर सेकंदाला जी २२० कंपने होती ती ११० होतात, म्हणजे मध्य षड्जाचा मंद्र षड्ज होतो. पाऊण गतीने चालवली तर तोच षड्ज मंद्र पंचमावर जाऊन बसतो. आमच्या रखमाबाईंचा आवाज एखाद्या पैलवानाच्या घशातून आल्यासारखा वाटू लागतो, आणि स्वरांची ठेवण बदलल्यामुळे शब्दही ओळखू येईनासे होतात. तेव्हा हवे आहे ते असे, की काळ लांबावा पण सूर जागेवर राहावा.

या प्रश्नाला माणसे पुष्कळ दिवसांपासून भिडलेली आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ साली फिरत्या शीर्षांचे एक टेपयंत्र मांडले. ते टेपेवरील आवाजाचे बारीक बारीक तुकडे दोनदा वाजवी किंवा मधले तुकडे गाळी. १९६६ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी निराळीच वाट दाखवली. आज संगणकावर आणि मोबाइलवर जे काही या कामासाठी मिळते, ते बहुतेक या दोन वाटांपैकी एकीवरचे असते. ही कामे तयार स्वरूपात बांधून ठेवलेली असतात. तिला सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणतात. ही वाचनालयातली लायब्ररी नव्हे. सुताराची पेटी जशी या घरातून त्या घरी जाते, तशी ती निरनिराळ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसते. पेटीत हत्यारे पुष्कळ असतात, आणि कोणते कोठे चालवायचे हे सांगणाऱ्या खुणांना पर्याय म्हणतात. या पर्यायांकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. कंपनीने जे लावून दिले ते बरोबरच असणार, अशी एक श्रद्धा असते. आम्ही तीस वर्षे युनियनमध्ये काढली असल्यामुळे आमची ती श्रद्धा थोडी पातळ आहे.

पहिली वाट तुकड्यांची. फिनलंडचे ओली पार्व्हिआयनेन यांची ‘साउंडटच’ नावाची लायब्ररी या वाटेने जाते. ती आवाजाचे तुकडे पाडते आणि तुटलेला धागा सांधावा तसे ते सांधते. तेथे तीन मापे महत्त्वाची आहेत: तुकडा किती लांब घ्यायचा, जुळणारे टोक शोधायला किती जागा द्यायची, आणि सांधताना दोन टोके एकमेकांवर किती चढवायची. तिच्याबरोबर येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ‘हे बोलणे आहे’ असे सांगितले, की तो ही मापे अनुक्रमे ४०, १५ आणि ८ धरतो. ही मापे सेकंदाच्या हजाराव्या भागात आहेत. चाळीसच का? पुरुषाच्या आवाजात कंपनाचे एक आवर्तन साधारण आठ-दहा सहस्रांश सेकंदांचे असते, स्त्रीच्या आवाजात त्याच्या निम्मे. चाळिसांत अशी काही आवर्तने पुरती मावतात, म्हणून सांधा जुळतो. तुकडा फार लांब घेतला तर एखादे अक्षर दोनदा उमटते आणि बोलणारा तोतरा वाटतो. फार आखूड घेतला तर आवाजाला थरथर सुटते. घाईने टोक शोधण्याचाही एक पर्याय तेथे आहे. त्याने वेळ वाचतो, पण सांधा कच्चा राहतो. तो आपण बंदच ठेवावा.

दुसरी वाट खिडकीची. इंग्लंडातील ख्रिस कॅनम यांची ‘रबर बँड’ ही लायब्ररी या वाटेची. ती आवाजाच्या एका छोट्या अवधीवर खिडकी धरते, त्या अवधीत कोणकोणते सूर मिसळले आहेत ते निरनिराळे काढते, आणि मग तेच सूर अधिक वेळ धरून पुन्हा एकत्र करते. खिडकी मोठी असेल तर सूर नेमके ओळखता येतात, पण एखादा आघात नक्की केव्हा झाला ते पुसट होते. खिडकी लहान केली तर वेळ नेमकी कळते आणि सूर पुसट होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेल्या आवाजावर २,०४८ नमुन्यांची खिडकी धरली, तर ती सुमारे ४६ सहस्रांश सेकंदांची होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पुऱ्या मिळत नाहीत. हा निसर्गाचाच हिशेब आहे, आणि त्यावर कोणत्याही संपाचा उपाय चालत नाही.

आपल्या पालघर जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. वारली वस्तीत तारपा वाजतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा यांनी तो बनतो, आणि वाजवणारा श्वास न तोडता एकसारखा फुंकत राहतो. त्याला मोठी खिडकी मानवते. तेथे आघात जवळजवळ नाहीतच. उलट ढोलकी किंवा संबळ यांचा जीव आघातात आहे. त्यांना लहान खिडकी आणि आघात जपणारा पर्याय हवा. तारप्याचा पर्याय ढोलकीला लावला तर थाप पिठासारखी सांडते. ढोलकीचा तारप्याला लावला तर सुरात चिरफाळ्या पडतात. रबर बँडमध्ये ही निवड सोपी करण्यासाठी शून्यापासून सहापर्यंत करकरीतपणाच्या पायऱ्या ठेवल्या आहेत. शून्य म्हणजे सगळ्यांत मऊ, सहा म्हणजे सगळ्यांत टोकदार. आपण काही सांगितले नाही तर पाचवी धरली जाते.

मग माणसाचे बोलणे कशात मोडते, तारप्यात की ढोलकीत? ते दोन्ही आहे, आणि खरी अडचण तीच आहे. ‘आ’ आणि ‘ओ’ तारप्याच्या जातीचे. ‘क’, ‘ट’, ‘प’ ढोलकीच्या जातीचे. मराठीत तर नुसत्या श्वासाच्या फुंकरीने अर्थ बदलतो. ‘गडी’ आणि ‘घडी’ यांत अंतर आहे ते पापणी लवण्याहूनही कमी वेळाचे.

एका बाईंच्या कथनात असा प्रसंग आला. संपानंतर त्यांच्या खात्यातील बायकांना पुन्हा कामावर घेतले, त्याविषयी त्या बोलत होत्या. लिहिणाऱ्या मुलाने आवाज दुपटीने लांबवून, मऊ पायरीवर ऐकून, ‘सात बायकांना आत घेतले’ असे लिहिले होते. सात बायका घेतल्या म्हणजे खाते मोडले. साठ घेतल्या म्हणजे खाते टिकले. एवढा फरक त्या एका अक्षरावर उभा होता, आणि ज्या बाहेर राहिल्या त्यांच्या घरची माणसे आजही या भागात राहतात. तोच भाग पुन्हा घेतला. लांबी दुपटीऐवजी सव्वापट केली आणि आघात जपणारी पायरी लावली. तेव्हा जीभ वर वळल्याचा ठोका आणि त्यामागची फुंकर, दोन्ही स्वच्छ ऐकू आली. ‘साठ’च होते. मग मूळ गतीने तीन वेगवेगळ्या माणसांना ऐकवले, आणि बाईंना प्रत्यक्षही विचारले. लांबवलेला आवाज हा भिंगासारखा आहे, तो साक्षीदार नव्हे. निवाडा मूळ गतीवरच करावा.

यावरून लांबी किती वाढवावी याचे उत्तरही मिळते. बोलण्यासाठी सव्वापट ते दीडपट पुरे. दुपटीच्या वर गेले की कानाला शब्दांऐवजी सांधे ऐकू येऊ लागतात. येथे आकड्यांचा एक घोटाळा नेहमी होतो. कोणी लांबीचे प्रमाण विचारते, कोणी गतीचे. मोबाइलवर गती ०.७५ केली म्हणजे लांबी १.३३ पट झाली. दहा मिनिटांचे बोलणे तेरा मिनिटे वीस सेकंदांचे होते. साउंडटच गतीतील घट शेकड्यात मागते: तेथे हीच गोष्ट उणे २५ अशी लिहावी लागते, आणि लांबी दुप्पट हवी असेल तर उणे ५०. उणे १०० म्हणजे गाडी जागेवर उभी.

आता दुसरा रोग. जुन्या कॅसेटवर पुष्कळदा आवाज चिमणीसारखा बारीक आणि घाईचा येतो. भरताना सेल उतरलेले असले की यंत्र हळू चालते, आणि मग चांगल्या यंत्रावर ती कॅसेट जलद वाजते. येथे सूर जागेवर ठेवून काळ लांबवणारे हत्यार चालवणे अगदी चूक आहे, कारण येथे सूरही चढलेला आहे आणि काळही आखडलेला आहे. दोन्ही एकाच प्रमाणात मागे न्यायला हवेत. त्यासाठी साउंडटचमध्ये गती, सूर आणि दोन्ही मिळून दर, असे तीन वेगळे पर्याय आहेत. त्यांतला दर तेवढा बदलावा. किती बदलावा? खोलीत ट्यूबलाइट असेल तर तिच्या चोकची घूं घूं टेपेवर उतरलेली सापडते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ती घूं घूं १०० कंपनांची. संगणकावर ती १०८ दिसली तर दर १०८ला १०० या प्रमाणात उतरवावा. आवाज आपोआप त्या माणसाचा होतो. हे पाहताना आम्हांला अजूनही गंमत वाटते, की मालकाने लावलेल्या त्या खोलीतल्या दिव्याने आपल्या कामगाराची साक्ष सरळ केली.

आवाजाची मूळ घडण राखण्याचा म्हणून एक पर्याय रबर बँडमध्ये आहे. तो सूर बदलताना उपयोगी पडतो. नुसता काळ लांबवताना त्याचे काही काम नसते. वरच्या कॅसेटच्या उदाहरणात तर त्याला दूरच ठेवावे, कारण तेथे घडणही बिघडलेलीच आहे आणि तीही मागे जायला हवी. दोन मायक्रोफोनांनी भरलेले असेल तर दोन्ही बाजू एकत्र चालवण्याचा पर्याय घ्यावा, म्हणजे बोलणारा खोलीत इकडून तिकडे सरकत नाही. बाकीचे पुष्कळ पर्याय संगणकाने किती कामगार एकदम लावावेत, अशा स्वरूपाचे आहेत. त्यांची चिंता आपण करू नये.

एक पर्याय मात्र समजून घ्यावा. ऐकता ऐकता गती बदलायची असेल तर चालू कामाचा प्रकार निवडावा. लिहिणाऱ्याला तोच सोयीचा. कायमची संथ प्रत काढायची असेल तर सावकाशीचा प्रकार निवडावा. त्यात लायब्ररी सबंध बोलणे आधी एकदा नजरेखालून घालते आणि मग कामाला लागते. तिच्या जुन्या यंत्रणेत याचा फायदा असा, की आघात कोठे आहेत ते आधीच कळते. ते जवळजवळ तसेच ठेवून लांबी मधल्या स्वरांवर वाटून दिली जाते. २०२२ साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक अधिक बारीक यंत्रणा आली. तिला संगणकाचे बळ बरेच लागते आणि करकरीतपणाच्या पायऱ्या तिच्यात लागू होत नाहीत. आमच्या कानाला बायकांचे आवाज, आणि विशेषतः जात्यावरच्या ओव्यांसारखे बोलणे व गाणे यांच्या सीमेवरचे म्हणणे, तिच्यात अधिक चांगले ऐकू येते. घाईघाईने भांडणाऱ्या सभेचे ध्वनिमुद्रण असेल तर आम्ही अजून जुनीच लावतो.

ज्यांच्या घरी अशा कॅसेट पडून असतील त्यांनी पहिली नक्कल काहीही न बदलता करून घ्यावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. संथ प्रतीच्या नावातच लायब्ररी, तिची आवृत्ती, लांबीचे प्रमाण आणि पायरी लिहावी, आणि उतरवलेल्या कागदावर ज्या शब्दाविषयी शंका असेल त्याखाली रेघ ओढून मिनिट व सेकंद मांडावा.