वीजचोरी : खटला की तडजोड?

कायदा : विद्युत अधिनियम, २००३. कोलकात्याजवळच्या डमडममध्ये वीज सीईएससी कंपनीची, डोंबिवलीत महावितरणची; कलमे तीच.

वीजचोरी (कलम १३५) : तारेवर आकडा टाकणे, मीटरमध्ये फेरफार. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

तडजोड (कलम १५२) : लघुदाब जोडणीला किलोवॅटमागे मूळ दर औद्योगिक २०,००० रुपये, व्यावसायिक १०,०००, शेती २,०००, इतर ४,०००. दोन किलोवॅटच्या घराला ८,०००. राज्य सरकार दर बदलू शकते. रक्कम स्वीकारली की फौजदारी कारवाई थांबते, अटकेतला माणूस सुटतो. महत्त्वाचे म्हणजे ही सवलत एकदाच. चोरलेल्या विजेचे पैसे वेगळे.

गल्लत नको : घरगुती मीटरवर दुकान चालवणे, हे कलम १२६. तिथे दुप्पट दराने आकारणी.